खालाची खोली आणि संमतीपत्र

आमच्या नागपुरात माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. मोमिनपुऱ्यात वाढलेल्याच्या तोंडी 'मैं' सहसा येत नाही. मराठीत लिहायला बसलो की तीच सवय 'आम्ही' होऊन कागदावर उतरते. वाचकांनी तो बडेजाव समजू नये. शिवाय जे सांगायचे आहे ते एका माणसाचे नाहीच. ते एका खोलीचे, एका मोहल्ल्याचे आणि एका कागदाचे आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. घरी उर्दू, शाळेत उर्दू, बी.एड.ला मराठी आणि इंग्रजी, असा आमचा प्रवास. नातेवाइकांत कुणाकडे सरकारी कागद आला की तो फिरत फिरत आमच्याकडे येतो. रेशनकार्डापासून कोर्टाच्या समन्सपर्यंत सगळे आम्ही वाचून दाखवले आहे. पण खालाच्या घरी जो कागद आला तसा कागद त्याआधी आमच्या हाती आला नव्हता.

आमची खाला म्हणजे अम्मीची मोठी बहीण. लग्न होऊन नागपूरहून मुंबईला गेली, ती भेंडीबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत. खालू जिल्दसाज होते. शाळेच्या वह्या, कुराणशरीफच्या जुन्या प्रती, वकिलांची जाडजूड पुस्तके, सगळ्यांना त्यांच्या हातची पुठ्ठ्याची आणि कापडाची बांधणी असे. उन्हाळ्याच्या सुटीत विदर्भ एक्सप्रेसने आम्ही मुंबईला जायचो, तेव्हा खालू आमचे बोट धरून प्रिन्सेस बिल्डिंगमधल्या मकतबा जामियाच्या दुकानात न्यायचे. याच दुकानात प्रगतिशील चळवळीतले शायर आणि कथाकार गप्पा मारत बसत, असे ते सांगायचे. त्या वयात आम्हाला शायरांपेक्षा बाहेरच्या फालुद्यात जास्त रस होता. पण नागपूरच्या आमच्या शाळेत जी भाषा फक्त क्रमिक पुस्तकात भेटायची, ती तिथे दुकानाच्या पाट्यांवर, भिंतींवरच्या जाहिरातींत आणि सकाळच्या 'इन्किलाब'मध्ये राहत होती, हे तेव्हाही जाणवत असे.

भेंडीबाजार हे नाव कसे पडले याचे दोन किस्से सांगतात. कुणी म्हणते इथे भेंडीची झाडे होती, ती भाजीची नव्हेत, समुद्राकाठी वाढणारी. कुणी म्हणते इंग्रज लोक 'बिहाइंड द बझार' म्हणत, त्याचे हे रूप. खरे काय ते असो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या छज्जूखाँ, नजीरखाँ आणि खादिम हुसेनखाँ या भावांनी गायकीचे एक घराणे इथे उभे केले, आणि त्या घराण्याला कुठल्या संस्थानाचे नाव न मिळता बाजाराचे नाव मिळाले. त्याच घराण्याच्या अमान अलीखाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी सुरुवातीच्या काळात तालीम घेतली. संगीताला बाजाराचे नाव देणारी अशी दुसरी वस्ती आम्हाला माहीत नाही.

आता खालाची खोली. दुसरा मजला, १८० चौरस फूट, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला सहा बिऱ्हाडांत मिळून. लाकडी जिना इतका झिजलेला, की प्रत्येक पायरीच्या मधोमध पन्हाळीसारखी खोल झालेली. मागच्या भिंतीला बरीच वर्षे लोखंडी टेकू लावलेले आहेत. पाहुण्यांना ते टेकू दिसतात, घरच्यांना दिसत नाहीत. त्यांवर कपडे वाळत असतात. खोली पागडीची. खालूंच्या वालिदांनी पागडी देऊन घेतली. भाड्याच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात, वर्षवार, रबरबँड लावून ठेवलेल्या. खालाचा दागिना काय, असे कुणी विचारले तर ती तो डबा दाखवील.

मुंबईच्या जुन्या इमारती अशा टेकूंवर का आल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला आधार हवा होता, तो मिळाला. पण पुढे पन्नास वर्षे भाडे तिथेच राहिले. जेवढे भाडे येई त्यात घरमालकाला जिन्याचा कठडाही बदलता येईना. मग भाड्यावर न भागणारे पागडीवर भागू लागले. भाडेकरूने हक्क विकायचा आणि मालकाने त्यात आपला हिस्सा घ्यायचा. वर्षानुवर्षे चोरीछुपे चाललेल्या या रिवाजाला १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली. दुरुस्तीसाठी १९६९ साली सरकारने मंडळ नेमले आणि इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा बेट-शहरात अशा १९ हजार ६००हून जास्त इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या तेरा हजारांच्या आसपास अजून उभ्या आहेत. मालकाला परवडत नाही, भाडेकरूचे घर नाही, आणि मंडळाचा पैसा पुरत नाही. मग टेकू लागतात.

३१ ऑगस्ट २०१७, गुरुवार. दोन दिवस आधी मुंबईत ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. दोन दिवसांनी बकरी ईद होती. सकाळी साडेआठच्या सुमारास पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ११७ वर्षांची इमारत. ३३ माणसे गेली. आम्ही नागपुरात टीव्हीसमोर उभे राहून फोन लावत होतो. लागत नव्हता. दुपारी खालाचा आवाज आला, "बेटा, आमचीच पाळी होती असे वाटले. धूळ आमच्या खिडकीतून आत आली." त्या ईदला तिच्या गल्लीत कुर्बानी झाली, पण कुणी कुणाकडे मोठ्याने बोलले नाही, असे तिने नंतर सांगितले.

ती इमारत पुनर्विकासाच्या हद्दीत होती, म्हणूनच ते दुःख अधिक बोचले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे, १,२५० दुकाने. एकेक इमारत न पाडता अख्खा मोहल्ला एकदम नव्याने बांधायचा, असा हा समूह पुनर्विकास. ज्याची खोली कितीही लहान असो, त्याला किमान ३५० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, विनामूल्य. काम चालू असताना लोकांची सोय माझगाव, घोडपदेव अशा जवळच्या भागात. २०२० साली पहिले दोन मनोरे तयार झाले आणि सहाशेच्या आसपास कुटुंबे परत आपल्या मोहल्ल्यात राहायला आली.

आम्ही ते मनोरे पाहिले आहेत. मुंबईत जे परत आणण्याचे वचन देतात ते बहुधा आणत नाहीत, असा लोकांचा अनुभव. तेव्हा माणसे परत आली ही गोष्ट लहान नाही. एकेकटी इमारत बांधली तर गल्ली तेवढीच अरुंद राहते. अग्निशमनाची गाडी तेव्हाही आत येत नव्हती, आताही येणार नाही. समूहाने बांधले तर रस्ता रुंद होतो, गटारे नवी होतात, उजेड येतो. हा हिशेब आम्हाला पटतो. पण त्याचबरोबर ज्या दुकानदाराचा धंदा फुटपाथवर मांडलेल्या मालावर आणि गल्लीतल्या गर्दीवर चालतो, त्याच्या मनात शंका येणारच. चोरबाजारातल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला काचेचा गाळा देऊन चालेल का? गिऱ्हाईक तिथे वस्तू शोधायला येते, विकत घ्यायला नंतर.

आणखी एक गोष्ट आपण मुसलमानांनी मोकळेपणाने बोलली पाहिजे. बोहरा समाजाला एक धर्मगुरू आहेत, त्यांचा शब्द मानणारी जमात आहे, व्यापारातून आलेला पैसा आहे आणि कागद नीट ठेवण्याची सवय आहे. मोमीन, अन्सारी, कुरेशी, मन्सुरी यांच्या गल्ल्यांत असे कोण आहे? मशिदीचे ट्रस्टी वेगळे, जमातीचे अध्यक्ष वेगळे, नगरसेवक तिसराच. तिथे अख्ख्या मोहल्ल्याचा विचार कोण करणार? जिथे जमात पुढे येत नाही तिथे बिल्डर पुढे येतो.

खालाची इमारत ट्रस्टच्या हद्दीबाहेर, पलीकडच्या गल्लीत. तिच्याकडे असाच एक बिल्डर आला. नाव सांगण्याचे कारण नाही, अशी नावे खूप आहेत. मालकाशी त्याचे ठरले होते. एका जुम्म्याला त्याची माणसे घरोघरी येऊन एकेक जाड कागद देऊन गेली. आठ दिवसांत सही करा, निम्म्या लोकांनी केली आहे, असा निरोप. पूर्वी अशा कामाला सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता एक्कावन्न टक्के पुरते. म्हणजे एका मजल्याने सही केली नाही तरी काम अडत नाही, हे बिल्डरला ठाऊक असते.

कागद इंग्रजीत, सोबत मराठी गोषवारा. खाला उर्दू फर्राटेदार वाचते. मराठी तिला ऐकून समजते, वाचता येत नाही. तिचा मोठा मुलगा, आमचे भाईजान, इंग्रजी शाळेत शिकलेले, पण बावीस पानांचा करार वाचण्याइतकी फुरसत आणि धीर त्यांच्याजवळ नव्हता. त्यांचा विचार वेगळाच होता. ते म्हणत, "खोलीचे पैसे घेऊ आणि मुंब्र्याला दोन खोल्यांचे घर घेऊ. किती दिवस संडासच्या रांगेत उभे राहायचे?" त्यांचे चूक नव्हते. त्यांच्या दोन मुली मोठ्या होत होत्या. १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे भीतीपोटी मुंब्रा आणि मीरा रोडला गेली, आता जागेपोटी जातात.

खालाचे म्हणणे एवढेच, "तुझे अब्बा मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात आहेत. जे.जे. इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. इथे मी मेले तर खांदा द्यायला गल्ली येईल. तिथे कोण येणार?"

मायलेकांत बोलणे बंद झाले तेव्हा अम्मीने आम्हाला मुंबईला पाठवले. दिवाळीची सुटी होती.

आम्ही पहिल्या रात्री एकट्याने कागद वाचला. दुसऱ्या रात्री खालाला वाचून दाखवू लागलो, तर दारात शेजारीण येऊन उभी राहिली. मग तिचे मालक, मग वरच्या मजल्यावरचे चाचा. तिसऱ्या रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे गच्चीवर जमले, सुमारे तीस माणसे. एक दिवा वर टांगला आणि आम्ही वर्गात वाचतो तसे एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगत गेलो.

तिथे आम्हाला एक गोष्ट उमगली, जी बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितली नव्हती. इंग्रजी बाजूला ठेवून आम्ही मराठी शब्द उच्चारू लागलो तसे म्हातारे माना डोलवू लागले. करारनामा, मुखत्यार, मालक, वारस, हक्क, मोबदला, इमारत, मजला, दावा, दस्त. खाला म्हणाली, "अरे, हे तर आपलेच लफ्ज आहेत." खरेच होते. मराठीच्या कायद्याच्या आणि महसुलाच्या भाषेत शेकडो शब्द फारसी-अरबीतून आलेले. तो कागद तिला परका होता तो फक्त लिपीमुळे. कानाने ती तो समजू शकत होती. इतकी वर्षे कुणी मोठ्याने वाचला नव्हता एवढेच.

आणि वाचल्यावर जे निघाले ते असे. 'न फिरवता येणारे मुखत्यारपत्र' असे एक कलम होते. म्हणजे सही केली की भाडेकरूच्या वतीने सगळे कागद बिल्डर करणार आणि ती सही मागे घेता येणार नाही. नव्या घराचे क्षेत्रफळ लिहिले होते, पण कुठल्या मजल्यावर ते नव्हते. काम चालू असताना दरमहा भाडे देऊ असे होते, पण किती महिन्यांचे आगाऊ ते नव्हते. काम कधी पुरे होईल त्या जागी 'सर्व परवानग्या मिळाल्यापासून वाजवी मुदतीत' असे होते. चाचा म्हणाले, "वाजिबी मुद्दत म्हणजे किती? आमची की त्यांची?" गच्चीवर पहिल्यांदा हशा पिकला.

शहरात कितीतरी इमारती पाडून मोकळ्या पडल्या आहेत, बिल्डरचे पैसे संपले आहेत आणि भाडेकरू वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात फिरत आहेत. २०१७ पासून महारेरा आहे, पण ते प्रामुख्याने घर विकत घेणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकते. पुनर्वसनात घर मिळणाऱ्या भाडेकरूला तशी ढाल नाही. त्याची ढाल म्हणजे त्याचा स्वतःचा, नोंदणी केलेला करार. २०२२ साली म्हाडा कायद्यात ७९-अ हे कलम आले. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही, तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला संधी मिळते, तेही झाले नाही तर म्हाडा पुढे येऊ शकते. म्हणजे भाडेकरूंनी संस्था केली तर त्यांना काही बोलण्याची जागा आहे. संस्था नसेल तर प्रत्येक जण आपल्या दारात एकटा.

त्या रात्री दोन पानांची मागणी लिहिली गेली. प्रत्येक भाडेकरूशी स्वतंत्र नोंदणीकृत करार, घराचा नकाशा आणि मजला त्यात लिहिलेला. भाडे वर्षाचे आगाऊ आणि त्यापुढच्या रकमेची बँक हमी. पूर्ण होण्याची तारीख आणि उशिराबद्दल दंड. लिफ्ट, पंप आणि देखभालीसाठी संस्थेच्या नावे ठेव, कारण मनोऱ्यात राहायला पैसे पडले नाहीत तरी तो चालवायला पडतात. न फिरवता येणारे मुखत्यारपत्र रद्द. मराठीत आम्ही लिहिले, खाली उर्दूत वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने उतरवले. ती अकरावीत होती. तिचे हस्ताक्षर पाहून खालूंची आठवण आली.

खालाने उर्दूतच सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. भाईजान गच्चीच्या कोपऱ्यात उभे होते. शेवटी तेही आले आणि इंग्रजीत सही करून गेले. आईशी बोलले नाहीत, पण सकाळी पावत्यांचा डबा घेऊन झेरॉक्सला तेच गेले.

पुढे काय झाले? बिल्डरने काही कलमे मान्य केली, काहींवर अजून बोलणे चालू आहे. ज्यांनी आधीच सह्या दिल्या त्यांच्यातले काही नाराज आहेत की या लोकांमुळे उशीर होतोय. तेही खरे आहे. पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि टेकू दरवर्षी एक वर्षाने जुने होतात. इमारत पडण्याची भीती आणि फसण्याची भीती, या दोहोंमध्ये खाला झोपते.

हे दुःख फक्त मुसलमानांचे आहे असे आम्हाला वाटत नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगावातला मराठी कामगार असाच विरार, बदलापूरला पांगला. भजनी मंडळे, व्यायामशाळा, खानावळी पांगल्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळी आता नव्याने होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच जागी. टीव्हीवर त्या बायकांचे डोळे पाहिले तेव्हा आम्हाला खाला दिसली. १८९६च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमून गल्ल्या पाडल्या, रस्ते काढले. उजेड आणि हवा आली. ज्यांची घरे गेली त्यांतले किती परतले, हा प्रश्न तेव्हापासून चालत आला आहे. शहर सुधारले की नाही हे इमारतीच्या उंचीवरून सांगता येत नाही. जुन्या यादीतली किती नावे नव्या पाट्यांवर दिसतात ते मोजावे.

आमच्या नागपुरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३६च्या कायद्याने आली. मोमिनपुरा त्याआधीचा. उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी वसवलेला, एकेकाळी घरोघर मागाचा खटखट आवाज असणारा. डिसेंबर २०२२ मध्ये जवळच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून मेट्रो धावू लागली. मेट्रो आली की जमिनीचा भाव चढतो, भाव चढला की कागद मागितला जातो. मोमिनपुऱ्यात किती घरांची आखीव पत्रिका आजोबांच्याच नावावर आहे, किती ठिकाणी वारसांची नोंद नाही, किती बहिणींची नावे गाळलेली आहेत, हे आम्ही घरोघर जाऊन विचारू लागलो आहोत. भाव येण्याआधी कागद नीट झाला तर मोहल्ला बोलू शकेल. नंतर त्याच्या वतीने दुसरेच बोलतील.

शाळेतही आम्ही थोडा बदल केला आहे. नववीच्या मुलांना मराठीत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध लिहायला देतोच. पण महिन्यातून एकदा आम्ही वर्गात एक खरा कागद नेतो. कधी कराची नोटीस, कधी भाड्याची पावती, कधी करारनामा. मुले तो मोठ्याने वाचतात, ओळखीच्या शब्दाखाली रेघ मारतात आणि घरी जाऊन अम्मी-अब्बांना समजावतात. गेल्या महिन्यात एका मुलीने विचारले, "सर्वांनी सही केली असेल आणि आपल्याला कलम पटत नसेल तर काय करायचे?" आम्ही तिला फळ्यावर येऊन ते कलम पुन्हा वाचायला सांगितले. ती वाचत होती आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा त्या कलमातल्या 'वाजवी मुदत' या शब्दांखाली आपल्या वहीत रेघ मारत होता.